दरमहा घरभाडे व घरगुती देयके : भरणा पद्धतीच्या निवडीचे निकष
(दुसरबीड, जि. बुलढाणा या ग्रामीण केंद्राच्या संदर्भात)

प्रस्तावना :
कौटुंबिक अर्थव्यवहाराच्या अभ्यासात उत्पन्न किती व खर्च किती या दोन प्रश्नांना नेहमीच अग्रस्थान मिळते. खर्च कोणत्या मार्गाने केला जातो हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. घरभाडे, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, स्वयंपाकाचा गॅस, दूरध्वनी व इंटरनेट ही देयके प्रत्येक कुटुंबास भरावीच लागतात. ती रोखीने भरावीत, धनादेशाने भरावीत, मोबाईलवरील यूपीआयद्वारे भरावीत, की बँकेला स्थायी सूचना देऊन आपोआप वळती होऊ द्यावीत, याचा निर्णय बहुतेक वेळा सवयीने किंवा शेजाऱ्यांचे पाहून घेतला जातो. या निर्णयाचे परिणाम मात्र सवयीपुरते मर्यादित राहत नाहीत. विलंब आकार, बँकेचे दंडात्मक शुल्क, खंडित झालेला वीजपुरवठा, भाडे दिल्याचा पुरावा नसल्याने निर्माण होणारा वाद आणि ऑनलाइन फसवणूक हे सर्व प्रश्न भरण्याच्या पद्धतीशी थेट निगडित आहेत.

प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव संदर्भबिंदू म्हणून घेतले आहे. शहरातील पगारदार कुटुंब गृहीत धरून दिला जाणारा सल्ला ग्रामीण केंद्रातील कुटुंबांना जसाच्या तसा लागू पडत नाही, हे या संदर्भामुळे अधिक स्पष्टपणे दिसून येते.

लेखाची उद्दिष्टे :
१) भरणा पद्धतीची निवड करताना विचारात घ्यावयाचे निकष निश्चित करणे.
२) प्रचलित पद्धतींचे गुणदोष या निकषांवर तपासणे.
३) घरभाडे, वीजबिल व ग्रामपंचायतीचे कर यांच्या बाबतीत कायदेशीर व आर्थिक बाजू स्पष्ट करणे.
४) उत्पन्नाच्या स्वरूपानुसार कुटुंबांसाठी योग्य पद्धत सुचविणे.

दुसरबीडची पार्श्वभूमी :
राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या महामार्गावर दुसरबीड हे गाव वसलेले आहे. परिसरातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असून सोयाबीन, कापूस व तूर ही महत्त्वाची पिके होत. जिजामाता सहकारी साखर कारखाना याच गावी उभा राहिला व पुढे बंद पडला. कारखाना चालू असतो तेव्हा परिसरात दरमहा ठरलेल्या तारखेस वेतन घेणारा एक वर्ग असतो. कारखाना बंद पडल्यावर दरमहा येणाऱ्या पैशाचा तो स्रोतही आटतो. आज येथील कुटुंबांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार शिक्षक, बँक कर्मचारी, आरोग्य कर्मचारी अशा नियमित वेतनधारकांचा. दुसरा प्रकार तासिका तत्त्वावरील अध्यापक, कंत्राटी कर्मचारी, छोटे व्यावसायिक व रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा. तिसरा प्रकार शेतकरी कुटुंबांचा, ज्यांच्या हाती मोठी रक्कम दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकल्यावर व त्यानंतर कापूस-तुरीच्या विक्रीतून येते.

या तिन्ही प्रकारच्या कुटुंबांना येणारी देयके मात्र एकाच ठेक्यात येतात. वीजबिल दरमहा येते, घरभाडे दरमहा द्यावे लागते, मोबाईलचे रिचार्ज विशिष्ट दिवसांनी संपते. उत्पन्नाचा ठेका एक व देयकांचा ठेका दुसरा, ही ग्रामीण कौटुंबिक अर्थव्यवहारातील मूलभूत विसंगती होय. पूर्वी ही विसंगती किराणा दुकानातील उधारीच्या वहीने झाकली जात असे. सुगी झाली की वही चुकती होई. वीज कंपनी व बँक यांच्याकडे अशी वही नसते. तेथे मुदत उलटली की आकार लागतो.

भरणा पद्धतीच्या निवडीचे चार निकष :
अ) वेळ : पैसा हाती कधी येतो व देय तारीख कोणती, यांचा मेळ बसतो काय?
आ) पुरावा : रक्कम दिल्याचा लेखी किंवा बँकेतील पुरावा देणाऱ्याकडे राहतो काय?
इ) खर्च : पद्धतीमुळे सूट मिळते की अतिरिक्त शुल्क लागते? प्रवास व रांगेत मोडणारा वेळ हाही खर्चच समजला पाहिजे.
ई) दुरुस्ती : रक्कम चुकीच्या ठिकाणी गेली किंवा मध्येच अडकली, तर ती परत मिळविण्याची व्यवस्था आहे काय?

या चार निकषांपैकी वेळ व पुरावा हे दोन निकष निर्णायक मानावे लागतात. खर्चातील फरक बहुधा काही रुपयांचा असतो. वेळ चुकल्यास मात्र दंड वारंवार लागतो आणि पुरावा नसल्यास संपूर्ण रक्कमच वादात सापडते.

प्रचलित पद्धतींचा विचार :

१) रोख रक्कम : रोखीचा व्यवहार तत्काळ पूर्ण होतो व त्यासाठी मोबाईल, नेटवर्क किंवा बँक खाते लागत नाही. या पद्धतीत पुराव्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे देणाऱ्यावर येते. पावती घेतली नाही तर रोखीने दिलेली रक्कम सिद्ध करणे अत्यंत कठीण होते. रोखीवर काही मर्यादाही आहेत. महावितरणने १ ऑगस्ट २०२३ पासून लघुदाब ग्राहकांसाठी रोखीने वीजबिल भरण्याची मर्यादा ५,००० रुपये व शेती ग्राहकांसाठी १०,००० रुपये ठरविली. थकबाकी साचलेल्या कुटुंबाने रोख घेऊन केंद्रावर जाण्यापूर्वी ही मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२) धनादेश : धनादेशाचा पुरावा भक्कम असतो. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची वैधता तीन महिन्यांची झाली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश वटविण्याची प्रक्रिया दिवसभर सलग चालू लागल्याने रक्कम पूर्वीपेक्षा लवकर जमा होते. याचा अर्थ असाही होतो की, 'उद्या पैसे भरू' या भरवशावर आज धनादेश देण्याची जुनी सवय धोक्याची ठरली आहे. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश परत गेल्यास पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली कारवाई होऊ शकते. वीजबिलासाठी धनादेश दिल्यास तो वटण्यास लागणारा वेळ हिशेबात धरून देय तारखेच्या बराच आधी द्यावा.

३) यूपीआय : राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू केली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भीम ॲप उपलब्ध झाले. साध्या मोबाईल संचावरून व्यवहार करण्यासाठी मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' ही सेवा सुरू झाली. या पद्धतीत रक्कम केव्हा पाठवावी हा निर्णय देणाऱ्याच्या हाती राहतो आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मिळतो. वेळ व पुरावा हे दोन्ही निकष येथे एकाच वेळी साधले जातात. खात्यातून रक्कम गेली पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, अशा स्थितीसाठी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदत घालून दिली. व्यक्तीला पाठविलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत न आल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे. मात्र देणाऱ्याने स्वतःच चुकीच्या क्रमांकावर पाठविलेली रक्कम आपोआप परत येत नाही. म्हणून नव्या घरमालकास प्रथम एक रुपया पाठवून नावाची खात्री करावी व नंतरच भाडे पाठवावे.

४) भारत बिल पेमेंट प्रणाली : वेगवेगळी देयके एकाच व्यवस्थेतून भरता यावीत यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये ही प्रणाली प्रायोगिक स्वरूपात कार्यान्वित झाली. बँकांची व अन्य देयक ॲप्स याच प्रणालीशी जोडलेली आहेत. ग्राहक क्रमांक टाकताच देयकाची रक्कम व ग्राहकाचे नाव दिसते, त्यामुळे चुकीच्या खात्यावर भरणा होण्याचा संभव कमी होतो. भरणा करण्यापूर्वी पडद्यावरील नाव वाचणे ही एवढीच दक्षता येथे पुरेशी ठरते. भाड्याच्या घरात वीजजोडणी घरमालकाच्या नावे असते, हे लक्षात ठेवून नाव पडताळावे.

५) स्वयंचलित भरणा : बँकेस दिलेली स्थायी सूचना, राष्ट्रीय स्वयंचलित समाशोधन व्यवस्थेतील आदेश व २०२० मध्ये सुरू झालेली यूपीआय ऑटोपे सुविधा या तिन्हींत ठरलेल्या दिवशी रक्कम आपोआप वळती होते. कार्ड व यूपीआयवरील आदेशांच्या बाबतीत रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मिळावी, असा नियम आहे. नियमित वेतनधारकास ही पद्धत अतिशय सोयीची आहे. परंतु खात्यात रक्कम नसल्यास आदेश परत जातो, बँक त्याबद्दल शुल्क आकारते व मूळ देयकही थकीत राहते. एकाच चुकीसाठी दोन ठिकाणी दंड भरावा लागतो. एवढेच नव्हे, तर पुरेशा रकमेअभावी परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक आदेशास २००७ च्या देयक व समझोता प्रणाली अधिनियमाच्या कलम २५ ने न वटलेल्या धनादेशासारखेच गंभीर मानले आहे. उत्पन्नाची तारीख अनिश्चित असलेल्या कुटुंबाने या पद्धतीपासून दूर राहणे हिताचे ठरते.

६) पोस्ट व सेवा केंद्रे : भारतात मनीऑर्डर सेवा टपाल खात्याकडे १८८० मध्ये आली. मुंबई-पुण्यास कामास गेलेल्या मुलाने गावी पाठविलेली मनीऑर्डर हा अनेक पिढ्यांच्या घरखर्चाचा आधार होता. २० रुपयांस १ रुपया, म्हणजे ५ टक्के, असा तिचा दर दीर्घकाळ होता. पारंपरिक स्वरूपातील मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमनमार्फत घरपोच बँकिंग सेवा मिळू लागली. मोबाईल न वापरणाऱ्या वृद्धांसाठी हा मार्ग किंवा गावातील सेवा केंद्र उपयुक्त आहे. तेथे भरणा केल्यावर 'भरले' एवढ्या तोंडी उत्तरावर न थांबता व्यवहार क्रमांक असलेली छापील पावती घ्यावी.

खाते कोणत्या संस्थेत असावे?
भरणा पद्धत ज्या खात्यावर उभी असते त्या खात्याचा विचार बुलढाणा जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये बँकिंग परवान्याच्या प्रश्नावरून नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या ठेवी स्वीकारण्यावर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातील या तीन बँकांचा समावेश होता. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीच्या वेळीही जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई करण्यात आली. या घटनांतून निघणारा निष्कर्ष असा की, घरखर्चाचा सर्व पैसा एकाच संस्थेत असू नये.

जिल्ह्यात सहकारी पतसंस्थांचे जाळेही मोठे आहे व कर्ज तसेच ठेवींसाठी त्यांचा उपयोग होतो. पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, ते पतसंस्थेतील ठेवींना मिळत नाही. म्हणून दरमहाच्या देयकांपुरती रक्कम बँकेतील बचत खात्यात ठेवणे श्रेयस्कर होय.

घरभाडे : पुराव्याचा प्रश्न
घरभाड्याच्या व्यवहारात भाडेकरू व घरमालक यांचे संबंध गावात बहुधा ओळखीचे व विश्वासाचे असतात. 'काका, या महिन्याचे भाडे' असे म्हणून रक्कम हातात ठेवली जाते व पावती मागणे संकोचाचे वाटते. वाद निर्माण झाल्यावर मात्र हाच संकोच भाडेकरूच्या मुळावर येतो. अनामत रक्कम किती होती, भाडे कोणत्या महिन्यापर्यंत चुकते झाले, वीजबिल भाड्यात समाविष्ट होते काय, या प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. या कायद्याने भाड्याची लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक केले आहे. करार लेखी व नोंदणीकृत असावा व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची राहील, असे कलम ५५ सांगते. थकीत भाड्याच्या कारणावरून दावा दाखल करण्यापूर्वी लेखी मागणी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, ही कलम १५ मधील तरतूद भाडेकरूस मोठा दिलासा देणारी आहे. मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांतील जागांना लागू होतो. सर्व खेड्यांना तो सरसकट लागू आहे असे समजू नये. जेथे तो लागू नाही तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व उभयतांमधील करार यांवरच भिस्त राहते. त्या अधिनियमाच्या कलम १०६ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, मासिक भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येतो. ९० दिवस व १५ दिवस यांतील अंतर पाहता, विशेष कायद्याचे संरक्षण जेथे नाही तेथे पुराव्याचे महत्त्व अधिक वाढते, हे सहज लक्षात येईल.

यावर उपाय सोपा आहे. भाडे घरमालकाच्या खात्यावर यूपीआय किंवा बँकेमार्फत पाठवावे व शेऱ्यात 'भाडे, जून २०२५' अशा स्वरूपात महिना नमूद करावा. केवळ रक्कम पाठविल्यास ती भाड्याची की हातउसन्याची, हा नवा वाद उभा राहू शकतो. घरमालक वयस्क असून रोखच घेत असतील, तर एक साधी वही ठेवून दरमहा तारीख, महिना, रक्कम व घरमालकाची सही घ्यावी. ५,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या पावतीस एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे लागते. वही समोर ठेवताना 'माझ्या हिशेबासाठी' एवढे म्हटले तरी संकोच उरत नाही व नातेसंबंधही अबाधित राहतात.

पगारदार प्राध्यापकांच्या दृष्टीने पावतीचा आणखी एक उपयोग आहे. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळविण्यासाठी भाडे दिल्याचा पुरावा द्यावा लागतो.

दुसरबीडसारख्या गावातील अनेक कुटुंबांना भाडे गावात नव्हे, तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथे शिकणाऱ्या पाल्यांच्या खोलीसाठी द्यावे लागते. अशा वेळी रक्कम पाल्याकडे न पाठवता थेट खोलीमालकाच्या खात्यावर पाठविल्यास पुरावा एका टप्प्यात तयार होतो. काही ॲप्सवर क्रेडिट कार्डाने घरभाडे भरण्याची सोय होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे नियम जारी केल्यानंतर अनेक ॲप्सनी ती बंद केली. उधारीवर भाडे भरण्याचा तो मार्ग शुल्क व व्याज यांमुळे तसाही महागडाच होता.

वीजबिल : वेळेची किंमत
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मार्च २०२० च्या दर-आदेशात तीन बाबी नमूद आहेत. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरणा केल्यास कर व शुल्क वगळून १ टक्का सूट मिळते. लघुदाब ग्राहकाने डिजिटल पद्धतीने भरणा केल्यास ०.२५ टक्के सूट मिळते. मुदतीनंतर भरल्यास १.२५ टक्के विलंब आकार लागतो व थकबाकी लांबल्यास त्यावर व्याजही चढते. दर-आदेश वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू सूट व आकार प्रत्येकाने आपल्या बिलावर पाहावेत.

हे आकडे लहान भासतात. उदाहरणादाखल १,५०० रुपयांचे बिल घेतल्यास वेळेपूर्वी डिजिटल भरणा करणारा व मुदतीनंतर भरणारा यांच्यात सुमारे ३५ रुपयांचा फरक पडतो व वर्षाकाठी तो ४०० रुपयांच्या आसपास जातो. परंतु याचे खरे स्वरूप व्याजाच्या भाषेत मांडल्यास कळते. सातव्या दिवशी भरावयाची रक्कम देय तारीख उलटल्यावर भरणारा ग्राहक जेमतेम पंधरा दिवसांच्या सवडीसाठी सव्वादोन टक्के मोजतो. वार्षिक दराने हे व्याज ५० टक्क्यांच्या वर जाते. बचत खात्यावर मिळणारे व्याज पाहता, पैसा हाती असताना वीजबिल शेवटच्या दिवसापर्यंत रोखून धरण्यात कोणताही लाभ नाही.

पैसा हाती नसणाऱ्या शेतकरी कुटुंबास आगाऊ भरण्याचा मार्ग उपलब्ध आहे. महावितरणकडे बिलापेक्षा अधिक रक्कम भरता येते व ती पुढील बिलांत वळती होते. सोयाबीनचे पैसे आल्यावर पुढील चार-सहा महिन्यांच्या अंदाजे बिलाची रक्कम एकदम भरून ठेवल्यास देयकाचा ठेका उत्पन्नाच्या ठेक्याशी जुळतो. किराणा दुकानातील वहीत कुटुंब सुगीनंतर मागील देणे फेडत असे, येथे ते पुढील देणे आधीच भागविते, एवढाच फरक आहे.

वीजपुरवठा खंडित करण्याविषयी विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ५६ महत्त्वाचे आहे. थकबाकीपोटी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकास किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देणे या कलमानुसार आवश्यक आहे. 'मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, पुढील क्रमांकावर संपर्क साधा' अशा बनावट संदेशांनी अनेकांची फसवणूक झाली आहे. कलम ५६ माहीत असलेल्या ग्राहकास असा संदेश खोटा आहे हे वाचताक्षणीच कळते. अनोळखी क्रमांकावरून आलेला दुवा उघडू नये, सांगितलेले ॲप घेऊ नये व पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही हे लक्षात ठेवावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर व बँकेकडे तत्काळ तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर दायित्व राहत नाही. स्वतः पिन सांगणाऱ्यास मात्र हे संरक्षण मिळत नाही.

ग्रामपंचायतीचे कर :
घरपट्टी व पाणीपट्टी ही देयके दरमहा नसून आर्थिक वर्षासाठी असतात, म्हणून मासिक हिशेबात ती विसरली जातात व मार्चअखेरच्या वसुली मोहिमेत एकदम समोर उभी राहतात. वार्षिक मागणीस बारा ने भागून तेवढी रक्कम दरमहा बाजूला ठेवणे हा सरळ उपाय होय. मागणी बिलावर छापलेल्या सूट व दंडाच्या अटी वाचाव्यात. कर भरल्यावर ग्रामपंचायतीची नमुना १० मधील पावती घ्यावी व तिच्यावर मागील बाकी व चालू रक्कम स्वतंत्र दाखविली आहे काय ते पाहावे. घराच्या नमुना ८ मधील नोंदीविषयी पुढे प्रश्न उद्भवल्यास याच पावत्या उपयोगी पडतात. भाडेकरूने पाणीपट्टी कोणी भरावयाची, हे घरात राहावयास येतानाच ठरवून घ्यावे.

उत्पन्नाच्या स्वरूपानुसार निवड :
१) नियमित वेतनधारक : वेतन जमा होण्याच्या नेहमीच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांचे अंतर ठेवून घरभाडे व इंटरनेट यांसारख्या ठरलेल्या रकमेच्या देयकांसाठी स्वयंचलित आदेश द्यावा. वीजबिलाची रक्कम दरमहा बदलते व मीटर वाचनात चूक होऊ शकते, म्हणून ते वाचून स्वतः भरावे. वेतन अनुदान लांबण्याचा अनुभव लक्षात घेता एका महिन्याच्या देयकांएवढी रक्कम खात्यात कायम शिल्लक असावी.

२) तासिका तत्त्वावरील अध्यापक व अनियमित उत्पन्नाचा वर्ग : मानधन अनेकदा काही महिन्यांनी एकत्रित मिळते. या वर्गाने कोणताही स्वयंचलित आदेश देऊ नये. मानधन जमा होताच प्रथम थकीत देयके, नंतर शक्य असल्यास एक-दोन महिन्यांचे आगाऊ भाडे, असा क्रम ठेवावा. आगाऊ दिलेल्या भाड्याचे महिने पावतीवर स्वतंत्र लिहून घ्यावेत. भाडे लांबणार असेल तर घरमालकास आधीच कळवून तोच मजकूर संदेशाद्वारे पाठवावा, जेणेकरून परस्पर संमतीची नोंद राहील.

३) शेतकरी कुटुंब : पिकाच्या रकमेतून वीजबिलाचा आगाऊ भरणा व ग्रामपंचायतीचे कर एकदम भागवावेत. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे २,००० रुपयांचे हप्ते दर चार महिन्यांनी येतात. पेरणीच्या काळातील तुटीत ते गॅस व मोबाईल अशा लहान देयकांसाठी राखून ठेवता येतात. मात्र ज्या खात्यात असे अनुदान जमा होते, त्याच खात्यावर स्वयंचलित आदेश दिलेला नसावा, अन्यथा बियाणासाठी ठेवलेली रक्कम अन्य देयकात वळती होऊ शकते.

तिन्ही प्रकारांत भरण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीच्या मोबाईलवर अवलंबून राहू नये. ती व्यक्ती आजारी पडली किंवा परगावी गेली, तर सर्वच देयके थकतात. वीजग्राहक क्रमांक, गॅस ग्राहक क्रमांक, घरमालकाचा खाते तपशील व देय तारखा यांची यादी घरातील किमान दोघांना माहीत असावी. पिन मात्र त्या यादीत लिहू नये.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच भरणा पद्धत नाही. उत्पन्न ठरलेल्या तारखेस येत असेल तर स्वयंचलित व्यवस्था वेळ वाचविते. उत्पन्नाची तारीख अनिश्चित असेल तर हीच व्यवस्था दुहेरी दंडास कारण ठरते व भरण्याची आज्ञा स्वतःच्या हाती ठेवणे हिताचे होते. उत्पन्न वर्षातून एकदोनदाच येत असेल तर आगाऊ भरणा हा उधारीपेक्षा स्वस्त पर्याय ठरतो. पद्धत कोणतीही असो, दिल्याचा पुरावा देणाऱ्याकडे राहिला पाहिजे, हे तत्त्व मात्र सर्वांना समान लागू आहे.

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना धनादेशाचे प्रकार व बँकांची कार्ये शिकविली जातात. त्यासोबतच स्वतःच्या घरचे वीजबिल वाचणे, भाडेपावती लिहिणे व बनावट संदेश ओळखणे यांचा एखादा प्रात्यक्षिक तास घेतल्यास त्याचा उपयोग विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांनाही होईल. दुसरबीडसारख्या गावात घरातील ऑनलाइन भरणा पुष्कळदा महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगीच करीत असते. त्या मुलांपर्यंत हे ज्ञान पोहोचविण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण महाविद्यालयच आहे.